जनावरांचा ताळेबंद

बी.कॉम. झालेल्या माणसाला दुसरं काही येत नसलं तरी हिशेब येतो, अशी समाजाची ठाम समजूत आहे. अठरा वर्षं बँकेत कारकुनी करूनही मला ती खोटी पाडता आलेली नाही. लग्नात आहेराची पाकिटं माझ्याकडे, गणपतीची वर्गणी माझ्याकडे आणि तेराव्याच्या आचाऱ्याशी घासाघीसही माझ्याकडेच. त्यामुळे आमच्या नगरच्या (सरकारी कागदावर 2024 पासून अहिल्यानगर, एस.टी.च्या कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच) कर्मचारी कल्याण निधीत पन्नास हजार रुपये शिल्लक निघाले आणि ते मुक्या प्राण्यांसाठी द्यावेत असा ठराव झाला, तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

खरं तर पैसे कुठल्या तरी गोशाळेला देऊन, फोटो काढून, वडापाव खाऊन प्रकरण मिटलं असतं. पण आमच्या हेडकॅशियरना वाचनाची सवय आहे. ते म्हणाले, "अमेरिकेत एक संस्था आहे, अ‍ॅनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्स. 2012 पासून ती फक्त एवढंच बघते, की प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांपैकी कुणाला पैसे दिले तर प्राण्यांचं जास्तीत जास्त भलं होईल. तिथे संशोधक नेमलेत. आपणही एक नेमू."

घरी आल्यावर मी पत्नीला सांगितलं, "मी संशोधक झालो."

"तिकडच्या संशोधकांना पगार असेल नाही?"

"असतो."

"आणि तुम्हांला?"

मी विषय बदलला. पण हे काम मी मुकाट्याने का घेतलं, याचं कारण मी तिलाही सांगितलं नव्हतं. ते कारण जामखेडकडे, आमच्या गावी, गोठ्यात उभं होतं. त्याचं नाव सर्जा.

सर्जा म्हणजे आमच्या अण्णांचा बैल. जोडीतला राजा चार वर्षांपूर्वी गेला. ट्रॅक्टर आल्यापासून सर्जाला काम नाही, आणि गुडघे गेल्यापासून अण्णांनाही नाही. दोघे एकमेकांसमोर बसून दिवस काढतात. फरक इतकाच, की अण्णांना चहा लागतो आणि सर्जाला कडबा. विकावा म्हटलं, तर गाईला 1976 च्या कायद्याचं संरक्षण होतंच, 2015 पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आली. तेव्हापासून काष्टीच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाचे दात कुणी बघतही नाही. अण्णा फोनवर म्हणाले होते, "आता झेपत नाही रं. एखादी चांगली गोशाळा बघ." ज्यांनी मला कधी एक रुपया मागितला नाही त्यांनी बैलासाठी शब्द टाकला होता. म्हणजे निधीसाठी संस्था शोधता शोधता सर्जासाठीही जागा शोधायची, असा माझा दुहेरी नोंदीचा बेत होता.

पहिली संस्था मोठी होती. नाव सांगत नाही, पण फाटक संगमरवरी होतं. फाटकावर 'गोवंश शंभराहून अधिक' असा बोर्ड, त्याखाली क्यू.आर. कोड, आणि आत वाढदिवसाला गाईला गूळ भरवण्यासाठी खास ओटा. विश्वस्तांनी चहा दिला, अल्बम दाखवला. मी वही काढली.

"आरंभीची शिल्लक किती?"

"बँकेतली?"

"गाईंची. वर्षाच्या सुरुवातीला किती होत्या, वर्षभरात किती आल्या, किती गेल्या, अखेरीला किती राहिल्या."

"येतात खूप. दर महिन्याला आठ-दहा तरी."

"आणि जातात?"

"इथून गाय जात नाही साहेब. इथे आली की ती आमची."

"मग मरतात किती?"

मंगलाष्टकं चालू असताना कुणी शिंकावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला उगाच दोष द्यायचा नव्हता. पण दर महिन्याला आठ-दहा येणार, एकही जाणार नाही आणि बोर्डावर तीन वर्षं तोच आकडा राहणार, हा जमाखर्च आमच्या बँकेत संध्याकाळी जुळला नसता. आम्ही तिघे जण टॉर्च घेऊन टेबलाखाली गाय शोधत बसलो असतो. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज 50 रुपये अनुदान जाहीर केलं. म्हणजे गाय मोजणं हे आता पुण्याचंच नव्हे, पैशाचंही काम झालं होतं. निघताना मी हळूच सर्जाचं विचारलं. "बैल? म्हातारा?" ते म्हणाले. "आणा की. फक्त सोबत आजन्म चाऱ्याची देणगी आणा." बैलाच्या आजन्माची की माझ्या, हे मी विचारलं नाही.

दुसरी संस्था कुत्र्यांची. दोन खोल्या, चार पिंजरे आणि एक तरुण मुलगा. मी विचारलं, "वर्षाला किती कुत्र्यांना लस देता?" त्याने उलट मलाच विचारलं, "तुमच्या कॉलनीत कुत्री किती आहेत?"

मला माहीत नव्हतं. रात्री भुंकण्यावरून चारशे असावीत असा अंदाज होता.

तो म्हणाला, "आकडा किती टोचली याचा नसतो काका, कितीपैकी टोचली याचा असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते. दहा गावांत सात-सात कुत्री टोचली तर फोटो दहा गावांचे येतात, पण रेबीज दहाही गावांत राहतो. तीच सत्तर एका गावातल्या शंभरांतली असली तर त्या गावातून तो जातो. खर्च तोच."

मला माझ्या बी.कॉम.ची लाज वाटली. टक्केवारी काढायला आम्ही तीन वर्षं शिकलो, पण कशाची काढायची हे या पोराने पाच मिनिटांत शिकवलं. त्याच्या रजिस्टरात एकेका गल्लीतली कुत्री मोजलेली होती. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या कानाला खाच, तशीच नावापुढे खूण. फाटक मात्र नव्हतं. असतं तर कुत्री पळून गेली नसती, असं म्हणून तो हसला.

तिसरी जागा पाथर्डीच्या रस्त्याला. एक निवृत्त पशुवैद्य, पत्र्याची शेड, दहा-बारा लंगडी-आंधळी जनावरं. मी निधीचं सांगण्याआधी सर्जाचंच सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "जागा नाही. आणू नका."

देणगी देणाऱ्याला नाही म्हणणारी संस्था मी पहिल्यांदाच पाहत होतो. (कर्ज मागणाऱ्याला नाही म्हणणाऱ्या मात्र पुष्कळ.)

"बैलाला काही आजार?"

"नाही."

"मग अडचण बैलाला नाही, तुमच्या वडिलांना आहे. पाणी ओढायला आणि वैरण टाकायला गावातला एखादा पोरगा ठेवा. खूर बघायला महिन्यातून एकदा मी येईन. एक जनावर इथे आणून सांभाळायला मला जो खर्च येतो, त्यात मालकाच्या गोठ्यातली तीन-चार निभतात. गोठा त्यांचा, सावली त्यांची, माया त्यांची. आपण फक्त कमी पडेल तेवढं घालायचं."

त्यांची वही पाहिली. त्यात 'नाही म्हटलेले' असा रकाना होता आणि त्यापुढे 'पुढे काय झालं'. काही ठिकाणी लिहिलं होतं 'घरीच आहे', काही ठिकाणी 'मेला', आणि बऱ्याच ठिकाणी 'माहीत नाही'. 'माहीत नाही' हे तीन वर्षांत बोर्ड न बदलण्यापेक्षा फार अवघड काम आहे. मी आजवर एवढ्या ऑडिटरांना उत्तरं दिली, पण हे एक कधी दिलं नाही.

तिथून मी गावी गेलो. अण्णांना म्हटलं, "डॉक्टर म्हणतात बैल घरीच ठेवा. मग छावण्यांवर सरकारने एवढा पैसा घातला तो वायाच म्हणायचा का?" 2019 च्या दुष्काळात अण्णा सर्जा-राजाला घेऊन तीन महिने चारा छावणीत राहिले होते. तेव्हा मोठ्या जनावरामागे दिवसाला 100 रुपये आणि लहानामागे 50 असा सरकारी दर झाला होता. अण्णांना दर कुणी विचारला नाही, कारण ते जनावरात मोडत नव्हते.

"वाया कसा?" अण्णा उखडले. "बहात्तरला छावणी नव्हती आपल्याकडं. दोन बैल मातीमोल गेले बापाचे. एकोणीसला छावणी नसती तर हा पण गेला असता. नसती तर काय झालं असतं, ते बघायचं असतं." मग सर्जाकडे बघून जरा वेळाने म्हणाले, "पण तिथं चारा भरपूर असून हा रोज गावाकडं तोंड करून उभा ऱ्हायचा."

म्हणजे अमेरिकेतले संशोधक ज्यासाठी पगार घेतात, तो प्रश्न अण्णांना बहात्तर सालीच पडला होता. आपण मदत केली नसती तर काय झालं असतं? दुष्काळात गोठाच कोरडा पडतो, तेव्हा जनावर चाऱ्याकडे न्यावं लागतं. एरवी चारा जनावराकडे न्यावा. ज्या अहिल्यादेवींचं नाव आमच्या जिल्ह्याला दिलं, त्या 1725 साली आमच्याच तालुक्यातल्या चौंडीला जन्मल्या. त्यांच्याबद्दल माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने 1823 च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय, की महेश्वरच्या परिसरात उन्हाळ्यात त्यांचा माणूस नांगरटीचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजायचा, आणि हाकललेल्या पाखरांसाठी त्यांनी शेतं विकत घेतली होती. बैल पाण्याकडे नाही नेला, पाणी बैलाकडे नेलं. संगमरवरी फाटक वाचलं आणि बैलही.

अहवाल मी दीड पानात बसवला. तीस हजार पत्र्याच्या शेडला, घरच्या गोठ्यातल्या जनावरांसाठी. वीस हजार कुत्र्यांच्या लसीला, पण एकाच गावात. शेवटी एक टीप: 2019 च्या पशुगणनेत देशात गाई-बैल 19 कोटींच्या वर आणि कोंबड्या वगैरे 85 कोटींच्या वर निघाल्या. अमेरिकेतली ती संस्था असल्याच प्राण्यांचा जास्त विचार करते, कारण संख्या सर्वांत मोठी आणि देणगी सर्वांत कमी. आपणही कधी तरी करावा.

बैठकीत टीप वाचताच एकजण म्हणाला, "कोंबडीचा विचार आम्ही करतो की. दर बुधवारी."

मग मुद्द्याचा प्रश्न आला: चेक देतानाचा फोटो कुठे काढायचा? शेतकऱ्याच्या गोठ्यात बॅनर मावत नाही. तासभर चर्चा होऊन बँकेच्या परंपरेला धरून तोडगा निघाला. पंचवीस हजार संगमरवरी फाटकाला, पंधरा शेडला, दहा कुत्र्यांना. माझ्या संशोधनाची परिणामकारकता काढली तर निम्मी भरते. पहिल्या प्रयत्नाला वाईट नाही.

शेडच्या यादीत सर्जा बसत होता. पण मी उभा राहून सांगितलं, की त्यातला एक बैल आमच्या घरचा आहे, तेव्हा त्याला निधीतला पैसा नको. हे बोलताना माझा आवाज जरा चढला. उतरला तो घरी, पत्नीने पोऱ्याचा पगार कोण देणार असं विचारल्यावर. तो आता मी देतो. दर एक तारखेला पैसे गेले की पोरगा मोबाईलवर सर्जाचा पाणी पितानाचा फोटो पाठवतो. ही माझी पावती.

31 मार्चला मी गावी होतो. अण्णांना गंमत म्हणून वहीत लिहून दाखवलं: आरंभीची शिल्लक, एक बैल. आवक शून्य. जावक शून्य. अखेरची शिल्लक, एक बैल. इतका स्वच्छ जुळलेला ताळेबंद मी बँकेत पाहिला नाही.

अण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "बराय. पण मला कुठं धरलंस?"