गणिताच्या गोळ्या

बायकोच्या नावाने माणसे बंगला बांधतात. लेखक असला तर कादंबरी अर्पण करतो. (मीही केली आहे. तिने ती अजून वाचलेली नाही.) पण बासेलच्या सिबा कंपनीतील लेआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाची गोष्टच निराळी! १९४४ साली त्याने एक औषध तयार केले आणि त्याला पत्नीच्या लाडक्या नावावरून, रीटावरून, 'रिटालिन' हे नाव मिळाले.

त्याही आधी, १९३७ साली, अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी आपल्या इस्पितळातील ३० मुलांना आठवडाभर बेंझेड्रिन दिले होते. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. मुले त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली. मास्तराच्या तोंडाला पाणी सुटावे असेच हे नाव आहे, आणि म्हणूनच मला त्याची थोडी भीती वाटते.

आमच्या सहावीत एक मुलगा आहे. बाकावर म्हणून ठरत नाही. गणित अर्धे टाकून खिडकीशी जातो. हातातली पेन्सिल कुठे गेली हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. एके दिवशी त्याचे वडील तणतणत आले. "सर, तापाची चिठ्ठी देतात, मग या गोळीची द्यायला आमच्या डॉक्टरांचं काय जातं?"

डॉक्टरांनी साफ नकार दिला होता आणि मुलाला जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडे धाडले होते. मला ते पटले. हे औषध आपल्याकडे 'एक्स' अनुसूचीत मोडते. चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, दुकानदार एक प्रत दोन वर्षे जपतो आणि माल कुलपात ठेवतो. या गोळीने भूक मरते, झोप उडते, नाडी व रक्तदाब वाढू शकतो. इंग्लंडमधील २०१८ ची मार्गदर्शिका सांगते की, सुरुवात जाणकाराने करावी, नंतर घरच्या डॉक्टरांनी ती चालवावी. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे वजन दर तीन महिन्यांनी करावे, उंची, नाडी व रक्तदाब दर सहा महिन्यांनी पाहावा. घरच्या डॉक्टरांचे खरे काम हे दुसरे आहे, आणि ते काही कमी नाही. जिल्ह्याच्या प्रत्येक खेपेला बापाचा एक रोज बुडतो; तराजू मात्र गावातल्या दवाखान्यातही असतो.

तज्ज्ञाने शाळेसाठी एक तक्ता पाठवला. नुसत्या घरच्या तक्रारीवर निदान होत नाही. बारा वर्षांच्या आतली लक्षणे एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. 'चुळबुळ करतो काय? कधी कधी, वारंवार, फार वारंवार.' आता शेवटच्या तासाला कोण चुळबुळ करत नाही? मी स्वतः करतो! पण हा मुलगा पहिल्या तासालाही करतो, आणि घरी जेवताना ताटावरून तीनदा उठतो, असे आई सांगत होती. मी दोन रात्री तक्ता पुढे घेऊन बसलो. चित्रकलेच्या तासाला तो अर्धा तास हलत नाही. त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिले.

गोळी सुरू झाली. गणिते आता पुरी होऊ लागली आहेत. पण मधल्या सुट्टीत त्याचा डबा अर्धाच संपतो, हे माझ्या ध्यानात आले, तसे मी वडिलांकरवी डॉक्टरांना कळवले. त्यांनी गोळी न्याहारीनंतर द्यायला सांगितली. आता तो सकाळी तीन पोळ्या खाऊन येतो म्हणे. पुढल्या सोमवारी वजन करायचे आहे.