सावडीत न आलेलं घर

चंदनसार, विरार (पूर्व)

चि. सोनूस,



परवा आपण दोघींनी तुझ्या लॅपटॉपवर दोव्झेंकोचा ‘झेम्ल्या’ पाहिला. झेम्ल्या म्हणजे जमीन. १९३० सालचा, युक्रेनमधला मूकपट. वासिल गावात सामुदायिक शेतीसाठी ट्रॅक्टर आणतो, जुने बांध नांगरून टाकतो, रात्री चांदण्यात एकटाच नाचत घरी निघतो आणि गोळी लागून कोसळतो. तुझे डोळे भरले आणि लगेच तू ओशाळलीस. “मावशी, हा तर प्रचार आहे ना? मग मला रडू का आलं?” तेवढ्यात खाली पाण्याचा टँकर आला आणि बोलणं राहिलं.

रडू आलं त्यात लाजण्यासारखं काही नाही, बाळा. त्याच काळातल्या आयझेनस्टाइनच्या ‘जुने आणि नवे’ या चित्रपटातली (१९२९) मार्फा लापकिना नटी नव्हती, खरीखुरी शेतकरीण होती. सुरुवातीलाच दोन भाऊ वाटणीसाठी राहतं घर करवतीने मधोमध कापतात. वाटण्यांत खाचर रुमालाएवढं झालेलं मी लहानपणी पाहिलंय, त्यामुळे त्या करवतीने माझ्या पोटात कालवलं. पुढे दुधातून साय काढायचं यंत्र येतं. सगळे संशयाने बघत उभे. साय निघते की नाही? मग एक थेंब, आणि धार. त्या चेहऱ्यांवर पहिल्यांदा उमटलेली आशा मला खोटी वाटत नाही. दैन्य खरं होतं, म्हणून आशाही खरी होती.

त्याच दशकात, १९२५ मध्ये, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ केला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. कर्जात जमीन जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. तो मूकपट आज आपल्याला पाहायला मिळत नाही. झोपडीबाहेर रडणारं कुत्रं तेवढं पाहणाऱ्यांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आलं. पेंटरांनी दुखणं दाखवलं आणि तिथेच थांबले. सोव्हिएत दिग्दर्शकांना औषधही दाखवायचं होतं, आणि ते औषध सरकार ठरवत होतं. आयझेनस्टाइनने चित्रपट सुरू केला तेव्हा त्याचं नाव ‘जनरल लाइन’ होतं. तो पुरा होईपर्यंत पक्षाचं धोरणच पुढे सरकलं. नाव बदलावं लागलं, शेवटही.

मला खोट दिसते ती नकारात. ‘झेम्ल्या’त सामुदायिक शेतीला शेवटपर्यंत नाही म्हणणारा माणूस खुनीच निघतो. साधा, भ्यालेला, स्वतःच्या दोन बैलांवर जीव असलेला शेतकरी नाही म्हणतच राहू शकतो, हे कॅमेऱ्याला ठाऊकच नाही. प्रत्यक्षात मार्च १९३० मध्ये सरकारी जबरदस्ती थोडी सैल होताच लाखो कुटुंबं सामुदायिक शेतांतून बाहेर पडली. त्यांना पुन्हा आत ढकललं गेलं, घरातलं धान्य ओढून नेलं गेलं. १९३२–३३ मध्ये त्याच युक्रेनात, त्याच काळ्या मातीवर, लाखो माणसं भुकेने मेली. ते दाखवणारा वासिल तेव्हाच्या कुठल्या सोव्हिएत पडद्यावर आला नाही.

आणि आपल्या जिल्ह्यातलं बघ. विरारहून डहाणूची गाडी जाते त्या पट्ट्यात वारल्यांना लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबावं लागे. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये लाल बावट्याचे कार्यकर्ते गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर तलासरीजवळच्या झरी गावात आले. वारल्यांनी वेठीला नकार दिला, गवत कापायचा दर ठरवून मागितला. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती गेले. लाल बावटा तोच होता, सोनू. पण इथे तो नाही म्हणणाऱ्यांच्या हातात होता. म्हणून बावट्याचा रंग पाहून चित्रपटावर शिक्का मारू नकोस.

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसनेही सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला होता, मालकी शेतकऱ्याकडेच ठेवून. चरणसिंगांनी त्याच व्यासपीठावर विरोध केला, राजाजींनी बाहेरून. ठराव मागे पडला आणि त्यासाठी कुणाला गाव सोडावं लागलं नाही. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

तू तुझ्या प्रबंधात ‘झेम्ल्या’ आणि ‘जुने आणि नवे’ हे दोन्ही चित्रपट घे. मार्फावर मन लावून लिही. मात्र प्रत्येक प्रसंगात विचार, इथे कुणी नाही म्हटलं असतं तर?

तुझी आजी सांगायची, आता जिथे टॉवर उभे आहेत तिथे लावणी सावडीने व्हायची. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. एक घर मात्र सावडीत कधीच येत नसे. का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्या बाया ओळीने वाकत, रोपं खोवत त्या घराच्या बांधापर्यंत जायच्या, तिथे कंबर सरळ करायच्या आणि वळून दुसऱ्या खाचरात उतरायच्या.

तुझी,
मावशी