काबरीला सोलापूरला नेताना



एरवी मी तुमच्याशी बोलतो ते भाताच्या रोपवाटिकेबद्दल, खोडकिड्याबद्दल, नाहीतर युरियाच्या गोळ्यांबद्दल. आज मांजराबद्दल लिहिणार आहे. हसू नका. ज्या घरात भाताची कणगी आहे, त्या घरात मांजर हे शेतीचेच जनावर. बैल टेम्पोत कसा चढवावा, शेळी कशी बांधावी, हे आपण जाणतो. पण मांजर दूरच्या गावी न्यायचे झाले की आपल्याला एकच साधन ठाऊक असते, ते म्हणजे पोते. मीही तेच वापरले आणि त्यापायी तिचा व माझा, असे दोन जीव थोडक्यात वाचले. म्हणून हा प्रपंच.

मी मूळचा पोशीरचा. दापोलीला बी.एस्सी. कृषी झालो आणि कृषी विस्ताराच्या नोकरीत लागलो. नोकरी म्हटली की बदली आली. २०१८ साली मी सोलापुरात होतो. आदल्या वर्षी पावसाळ्यात वडील गेले. पोशीरच्या घरात आई एकटी उरली. वर्षश्राद्ध उरकले की तिला सोलापूरला न्यायचे, असे आम्ही भावंडांनी ठरवले. आईने एवढेच विचारले, "आणि काबरी?"

काबरी म्हणजे आमची मांजर. मी म्हणालो, "तिला शेजारच्या काकू बघतील. कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे तूच म्हणतेस ना?" आई काही बोलली नाही. ती का बोलली नाही, हे मला कळत होते. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे आणि तिच्यात दोष माझाच आहे.

२०१२ साली आमच्या आळीत उंदरांचा फार उपद्रव झाला. कणग्या पोखरल्या, खाचरांचे बांध पोखरले. उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले देते, तेव्हा उपद्रव वाढायला वेळ लागत नाही. मी सुट्टीवर आलो होतो. घरचाच साहेब म्हटल्यावर लोकांनी विचारले आणि मी सगळ्यांना ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवायला सांगितल्या. कुठे ठेवायच्या, किती ठेवायच्या, सारे सांगितले. पण मेलेले आणि झिंगलेले उंदीर रोज सकाळी शोधून खोल पुरायचे, हे मी ओझरते सांगितले आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेलो. या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठण्याची शक्ती जाऊन चार-पाच दिवसांनी मरतो. तोवर तो सुस्त होतो आणि मांजराला आयता सापडतो. त्या पंधरवड्यात आळीतली तीन मांजरे गेली. त्यांतली एक आमची होती. तिच्या मागे एकच पिल्लू राहिले. आईने शेळीचे दूध कापसाच्या बोळ्याने पाजून ते जगवले. तीच ही काबरी. मांजरे गेल्यावर दुसऱ्या वर्षी उंदीर पहिल्यापेक्षा जास्त झाले, हे वेगळे सांगायला नको. आईने मला त्याबद्दल कधी दूषण दिले नाही. ते मनाला अधिक लागते.

तर आई सोलापूरला आली. आमच्या सौ.ने तिचे काही कमी पडू दिले नाही. आई जेवायची, पण ताटातला शेवटचा भाताचा घास बाजूला काढून ठेवायची. सवयीने. मग तो घास तसाच राहायचा आणि ताट उचलले जायचे. पंधरा-वीस दिवसांनी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "काबरी ओट्यावर बसून राहते. मी दूध-भात ठेवते, पण तोंड लावत नाही. वाळून काटकी झालीय. पुढे मला बोल नको." मी आईला काही सांगितले नाही. शनिवारी रात्री गाडी काढली आणि पहाटे पोशीरला पोचलो.

लहानपणी आमच्याकडे मांजरे फार झाली की वडील एखादे पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येत. एक बोका तीन दिवसांनी परत आला होता, पायाला चिखल आणि कान फाटलेला. मांजर पोत्यातूनच न्यायचे असते, हे माझ्या डोक्यात तेव्हापासूनचे. मी काबरीला दुधाची वाटी दाखवून धरली, गोणपाटात घातली, तोंड सुतळीने बांधले आणि पोते मागच्या सीटवर ठेवले. निघण्याआधी पोटभर दूध पाजले, हा शहाणपणा वर.

नेरळ, कर्जत, खोपोली इथवर ती ओरडत होती. खोपोलीनंतर आवाज बंद झाला. मला वाटले, झोपली. ती पोते कुरतडत होती. बोरघाटाच्या चढावर पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेकवर पाय ठेवायला गेलो तो पायाखाली मऊ काहीतरी लागले. काबरी पेडलखाली शिरली होती. ब्रेक दाबावा तर तिचा जीव जातो, न दाबावा तर माझा. पाय वर घेतला आणि हाताने हँडब्रेक ओढला. चढ होता आणि वेग कमी होता, म्हणून गाडी ट्रकच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. तोच उतार असता तर हा लेख लिहायला मी नसतो.

वाचकहो, मांजराला आपण मोकळे किंवा कच्च्या बांधणीत गाडीत ठेवतो, तेव्हा ते घाबरून अंधाऱ्या, अरुंद जागेकडे धावते. गाडीत तशी जागा म्हणजे चालकाच्या पायाखालची. हे मी अनुभवाने शिकलो, तुम्ही ऐकून शिका.

लोणावळ्यात एका भाजीवाल्याकडून दोन रिकामे प्लास्टिकचे क्रेट विकत घेतले. टोमॅटो भरतात ते. एकात चादर घालून काबरीला बसवले, दुसरा त्यावर पालथा घातला आणि चारही कोपऱ्यांना सुतळीने आवळून बांधले. हवा खेळते, तळ पक्का आणि कुरतडायला काही नाही. वरून ओढणी टाकली. अंधार झाल्यावर ती गप्प झाली. क्रेट मागच्या सीटवर पट्ट्याने बांधला. पोटभर पाजलेले दूध तिने पुण्याच्या अलीकडे ओकून टाकले, ते पुसले आणि पुढे निघालो.

पुण्यापासून सोलापूर अडीचशे किलोमीटर. मे महिना, ऊन रणरणते. भिगवणला एक वाजला. पोटात कावळे ओरडत होते. गाडी बाभळीच्या विरळ सावलीत लावली, काचा बोटभर उघड्या ठेवल्या आणि पिठले-भाकरी खायला बसलो. पंधरा मिनिटे झाली असतील. परत येऊन ओढणी उचलली, तर काबरी तोंड उघडे टाकून धापा टाकत होती. जीभ बाहेर, तोंडातून लाळ, डोळे थिजलेले.

मी जनावरांच्या उष्माघातावर गावोगाव बोललो आहे. पण त्या क्षणी मला काही सुचेना. भाकरी थापणारी बाई हातातले पीठ तसेच टाकून धावत आली. म्हणाली, "साहेब, बघत काय राहिलात? आधी सावलीला आणा." तिने क्रेट उचलून आपल्या छपरात, रांजणाजवळ ठेवला. मी सुतळी सोडायला गेलो तर मला अडवले. "सोडू नका, रानात पळंल." जाळीतूनच रांजणाचे पाणी हाताने काबरीच्या पायांवर, पोटावर, कानांवर लावले आणि सुपाने वारा घातला. अर्ध्या तासाने तिची धाप बसली आणि बोटावरचे पाणी तिने चाटले. मी पैसे देऊ केले. बाई म्हणाली, "जेवणाचे तेवढे द्या."

नंतर मी पशुवैद्यक मित्राला विचारले. तो म्हणाला, बंद गाडीतली हवा उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने चढते आणि बोटभर उघड्या काचेने काहीही होत नाही. मांजराला घाम येतो तो बहुतेक पायाच्या तळव्यांनाच. कुत्र्याने धाप टाकणे नेहमीचे, पण मांजराने तोंड उघडून धाप टाकली की जिवावर बेतले असे समजावे. त्या बाईला हे कोणी शिकवले नव्हते. पण तिने केले ते बरोबर केले. साधे पाणी, वारा, सावली. बर्फ लावायचा नाही आणि जबरदस्तीने पाणी पाजायचे नाही. जनावर सावरले तरी दवाखान्यात दाखवायचे.

दिवे लागणीला सोलापूर गाठले. आई दारात बसली होती. क्रेट पाहून उठली, पण काही बोलली नाही. मी सुतळी सोडू लागलो तर म्हणाली, "थांब. खोलीचे दार लाव आधी." तिने आपले जुने लुगडे कोपऱ्यात पसरले आणि क्रेट त्यावर ठेवून उघडला. काबरी तासभर बाहेर आली नाही. आई तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. त्या रात्री ताटातला शेवटचा घास वाया गेला नाही.

एकवीस दिवस आईने तिला खोलीबाहेर सोडले नाही. राखेचे घमेले ठेवले, ठरल्या वेळी, ठरल्या वाटीत खायला दिले. मग पहिल्यांदा दार उघडले ते जेवणाच्या वेळेआधी, भूक असताना. काबरी अंगणात गेली, कुंपणापर्यंत वास घेत फिरली आणि वाटीचा आवाज ऐकून परत आली.

माणूस आणि मांजर यांचा एकत्र प्रवास काही आजचा नाही. सायप्रस नावाच्या बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले होते. शास्त्रज्ञांनी २००४ साली ते प्रसिद्ध केले. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे धान्य पेरणाऱ्या त्या लोकांनी दुसऱ्या मुलखात वस्ती करायला जाताना बियाण्याबरोबर मांजरही होडीतून नेले होते. ते त्यांनी कशात घालून नेले असेल, हा विचार माझ्या मनात येतो. पोत्यात खास नसेल.

आता तुमच्या उपयोगाचे थोडक्यात सांगतो. क्रेट किंवा पेटी आठ-दहा दिवस आधीच घरात उघडी ठेवा आणि मांजराला तिच्यातच खायला द्या, म्हणजे ती त्याला परकी वाटणार नाही. निघण्याआधी चार-पाच तास खायला देऊ नका, पाणी मात्र द्या. तळाशी घरातले न धुतलेले जुने कापड घाला. आपल्या घराचा वास त्याला धीर देतो. पेटी डिकीत ठेवू नका आणि वाटेत उघडू नका. उघडायचीच वेळ आली तर आधी गाडीची दारे-काचा लावा. उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे निघा आणि बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही सोडू नका. गप्प बसावे म्हणून माणसाची कोणतीही गोळी देऊ नका. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. कुत्र्याचे गोचिडाचे औषधही त्याला लावू नका. रेबीजची लस पशुवैद्यकाकडून तीन महिन्यांच्या वयानंतर टोचून घ्या व दरवर्षी चालू ठेवा. प्रवासात मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि उंदरांचे औषध ठेवाल तेव्हा रोज सकाळी मेलेले उंदीर उचलून खोल पुरा. हे मी आता ओझरते सांगत नाही. बैठकीत सर्वांत आधी सांगतो.

२०२१ साली माझी बदली पुन्हा रायगडात झाली. आई आणि काबरी पोशीरला परतल्या. या वेळी रात्रीचा प्रवास, तेच दोन क्रेट आणि वर आईचे लुगडे. पहाटे नेरळ सोडले तेव्हा ओल्या मातीचा वास येऊ लागला. क्रेटमध्ये हालचाल झाली आणि डोळा लागलेली आईही सरळ होऊन बसली. मी दोघींकडे आरशातून पाहिले. मांजर घराचे असते, हे खरेच. पण घर म्हणजे चार भिंती की वाटी ठेवणारा हात, ते तिला सोलापुरात कळले होते. मला जरा उशिराच कळले.

ते क्रेट आमच्या माळ्यावर आहेत. गावात कोणाला मांजर न्यायचे झाले की मागायला येतात. मी देतो. सुतळी मात्र आई स्वतः बांधून देते.