दुबळा प्रतिस्पर्धी

आपल्या संघाचा सामना एखाद्या बलाढ्य संघाशी असला म्हणजे आदल्या रात्री मला गाढ झोप लागते. हरलो तर त्यात कुणाला आश्चर्य वाटत नाही, आणि जिंकलो तर पुढील चार महिने पुरेल एवढा आनंद पदरात पडतो. परंतु सामना दुबळ्या संघाशी आहे, तो ओळीने हरत आलेला आहे, त्याचे निम्मे खेळाडू जायबंदी आहेत आणि त्याचा प्रशिक्षक आज जातो की उद्या अशा अवस्थेत आहे, असे कळले की माझ्या मनाचे स्वास्थ्य तत्काळ ढळते. वाचकांना हे विपरीत वाटेल. पण ज्यांनी कोणत्याही संघावर मनापासून प्रेम केले आहे, ते माझ्याशी सहमत होतील अशी माझी खात्री आहे.

कारण दुबळ्याशी खेळणे हा मुळातच आतबट्ट्याचा व्यवहार आहे. जिंकलो तर ‘त्यात काय मोठेसे!’ असे म्हणून जग मोकळे होते. हरलो तर मात्र सकाळी वर्तमानपत्र टाकणारा मुलगासुद्धा आपल्याकडे सहानुभूतीने पाहू लागतो. अशा सामन्यापूर्वी चाहत्यांचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ ‘बाजारात तुरी’ वाल्यांचा. किती गोलांनी जिंकायचे, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे शिल्लक राहिलेला असतो. दुसरा पंथ याच्या अगदी उलट. गोऱ्यापान बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आई त्याच्या गालावर काजळाची तीट लावते, त्याप्रमाणे ही मंडळी आपल्या निश्चित विजयाला निराशेची तीट लावतात. प्रतिस्पर्ध्याचा गोलरक्षक किती तयारीचा आहे, त्याची बचावफळी कशी पोलादी आहे, हे ती गंभीर चेहऱ्याने सांगतात आणि मनातल्या मनात तीन गोल मोजून ठेवतात.

तरीही या प्रतीक्षेची गोडी काही और असते. विल्यम हॅझलिटने १८२२ साली एका मुष्टियुद्धावर निबंध लिहिला. वर्गात तो शिकवताना विद्यार्थी नेहमी विचारतात, की लढतीवरच्या निबंधात लढत इतक्या उशिरा का येते? निबंधाचा मोठा भाग लढतीच्या गावी पोहोचण्यात, वाटेतल्या सोबत्यांत आणि रात्रभरच्या गप्पांत खर्ची पडला आहे. मी त्यांना सांगतो, की ज्याने कधी सामन्याची वाट पाहिली आहे त्याला हा प्रश्न पडणार नाही. सामना दीड तासात संपतो. वाट पाहणे आठवडाभर पुरते.

असा एक आठवडा मला चांगला आठवतो. २०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि आठ संघांत पुण्याचाही एक संघ उतरला, एफसी पुणे सिटी. पुण्याला फुटबॉल काही परका नाही. लष्करी छावण्यांमुळे कॅम्पात आणि खडकीत तो पूर्वीपासून रुजलेला आहे. पण शहराच्या नावाचा संघ, त्यात फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजयी चमूतला डाव्हिड ट्रेझेगे, आणि शेजारच्याच मुंबईचा प्रतिस्पर्धी संघ, हा थाट नवा होता. १२ तारखेला मुंबई कोलकात्यात ०–३ अशी हरली. १४ तारखेला पुण्याने दिल्लीत ०–० अशी बरोबरी साधली. १८ तारखेला शनिवारी नेरूळच्या मैदानावर पुणे विरुद्ध मुंबई! मध्यंतरी १५ तारखेला विधानसभेचे मतदान झालेले, मोजणी १९ ला; दिवाळी तोंडावर आलेली. सारे शहरच निकालाच्या प्रतीक्षेत होते. पण आमच्या महाविद्यालयाच्या आवारात मतपेट्यांपेक्षा मुंबईच्या बचावफळीची चर्चा अधिक चालत होती. तीन गोल खाऊन आलेला संघ! त्यातून मुंबईचा! मुंबईकरांस नमवण्याची संधी आयती चालून आलेली पाहून पुणेकराला जे समाधान होते, त्याचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे.

शनिवारी मुंबईने पुण्याचा ५–० असा फडशा पाडला. आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियन गड्याने त्यांत तीन गोल केले. त्या लीगमधली ती पहिली हॅटट्रिक. दुसऱ्या दिवशी मतमोजणीचे आकडे येऊ लागले तेव्हा फुटबॉलचा विषय टाळण्याची सोय झाली, एवढेच काय ते आम्हा पुणेकरांचे भाग्य.

एका पराभवाने दुबळा म्हणून ओळखला गेलेला संघ खरोखर दुबळा नसतो, हा धडा त्या शनिवारी मिळाला. पण तो तसा सोपा धडा आहे. दुबळ्याकडून हरण्यापेक्षा दुबळ्याला खरोखरच लोळवण्यात मनाची अधिक परीक्षा होते. तो प्रसंग तीन वर्षांनी आला.

२०१७ साली संघाचे दिवस पालटले होते. मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो ही जोडी रंगात आली होती आणि त्या मोसमात पुण्याने प्रथमच शेवटच्या चार संघांत स्थान मिळवले. ३० डिसेंबरला बालेवाडीत गाठ होती गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडशी. त्यांची अवस्था बिकट होती. मोसम संपला तेव्हा दहा संघांत ते दहावे होते. मी मुलीला घेऊन गेलो होतो. तिच्या गळ्यात नारिंगी पट्टा होता आणि घरून निघतानाच तिने चार गोलांचे भाकीत केले होते. डिसेंबरची थंडी होती, पण पुण्याचे गोल पडू लागले तशी सर्वांना ऊब येत गेली. मार्सेलिन्होने हॅटट्रिक केली. निकाल ५–०. तीन वर्षांपूर्वी जे माप आमच्या पदरात पडले होते, नेमके तेच आम्ही दुसऱ्याच्या पदरात घातले.

सामन्याच्या उत्तरार्धात मुलीने माझा हात ओढला. ‘बाबा, त्या मुलांकडे बघा.’ पलीकडच्या गॅलरीत वीस-पंचवीस मुले एक ढोल घेऊन उभी होती. पुण्यात ईशान्य भारतातून शिकायला आलेली अनेक मुले आहेत. त्यांच्यापैकीच ही असावीत. संघावर गोल होत होते आणि प्रत्येक गोलानंतर त्यांचा ढोल क्षणभर थांबून पुन्हा सुरू होत होता. त्यांत माझा एक विद्यार्थी मी ओळखला. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, फारसे न बोलणारा. सामना संपल्यावर आमचे लोक नाचत बाहेर पडले. ती मुले मात्र त्यांच्या खेळाडूंनी गॅलरीकडे येऊन हात हलवीपर्यंत जागची हलली नाहीत.

पुढल्या आठवड्यात तो मला व्हरांड्यात भेटला. पाच गोल झाल्यावरही ढोल का थांबवला नाहीत, असे मी सहज विचारले. तो हसला आणि तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाला, ‘सर, टीम हरते म्हणून गाव बदलता येते का?’

या उत्तराने मला पुण्यातच घडलेल्या एका जुन्या हकिगतीची आठवण झाली. ती क्रिकेटची आहे, पण दुबळ्या प्रतिस्पर्ध्याचे महत्त्व तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये रणजी स्पर्धेत पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राची गाठ काठेवाडशी पडली. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग भाऊसाहेब निंबाळकर खेळू लागले आणि खेळतच राहिले. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम तेव्हा जगातला सर्वोच्च होता. तो गाठायला नऊ धावा हव्या होत्या, ओलांडायला दहा. विश्रांतीची वेळ झाली आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्याचे नाकारले. आपल्या संघाचे नाव असल्या विक्रमाशी कायमचे जोडले जाऊ नये, असे त्यांच्या मनात होते, असे सांगतात. काठेवाडचा संघ मैदान सोडून गेला. निंबाळकर ४४३ वरच राहिले आणि पुढे त्यांना अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही.

निंबाळकरांवर अन्याय झाला, असे आपण पुणेकर आजवर म्हणत आलो आणि ते खरेच आहे. परंतु या हकिगतीची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. महाराष्ट्राच्या त्या पराक्रमाची दोरी अखेर काठेवाडच्याच हाती होती. गोलंदाज नसेल तर फलंदाजाला ब्रॅडमन होता येत नाही. समोर कुणीतरी उभे राहावे लागते. हरत असतानाही उभे राहावे लागते. ज्याला आपण दुबळा म्हणून हिणवतो, तो मैदानात थांबण्याचे सौजन्य दाखवतो म्हणून आपला विजय विजय ठरतो. बालेवाडीच्या गॅलरीतली ती मुले नेमके हेच करीत होती.

शिवाय दुबळेपणा कुणाच्या नावावर कायमचा लिहिलेला नसतो. महाराष्ट्राने १९३९–४० आणि १९४०–४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. त्यानंतर तो आपल्याकडे आलेला नाही. उलट काठेवाडचा वारस जो सौराष्ट्र, त्याने तो २०१९–२० मध्ये आणि पुन्हा २०२२–२३ मध्ये जिंकला.

आमच्या फुटबॉलची गोष्ट याहून उदास आहे. पुण्यातून देशपातळीवर एका काळात तीन संघ खेळत होते. पुणे एफसी २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला. २०१५ मध्ये तो मिटला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही संपला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली आणि हैदराबादने २०२२ मध्ये विजेतेपदही पटकावले. पुणे सिटीची अखेर कोणत्याही सामन्यात झाली नाही. शेवटचा पंच नाही, शेवटची शिट्टी नाही, गॅलरीकडे येऊन हात हलवणारे खेळाडू नाहीत. एक मोसम संपला आणि पुढच्या मोसमाच्या वेळापत्रकात आपले गाव नाही, एवढेच काय ते कळले. मुलीचा नारिंगी पट्टा कपाटात हिवाळ्याच्या कपड्यांखाली गेला. हरलेल्या संघासाठी ढोल वाजवता येतो. नसलेल्या संघासाठी काय वाजवावे?

ज्यांच्यावर आम्ही पाच गोल केले, ते मात्र टिकले. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात ड्युरँड करंडकाच्या अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेड मोहन बागानविरुद्ध ०–२ असा मागे पडला होता. त्यांनी बरोबरी केली आणि पेनल्टीवर करंडक जिंकला. १८८८ साली सुरू झालेली आशियातली ही सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, तोच करंडक त्यांनी पुन्हा आपल्याकडे राखला. पहिल्या विजयाच्या रात्री मला त्या विद्यार्थ्याची आठवण झाली आणि मी त्याला अभिनंदनाच्या दोन ओळी पाठवल्या. तो आता गुवाहाटीत नोकरी करतो. त्याचे उत्तर लगेच आले. आभार मानून त्याने शेवटी लिहिले होते, ‘सर, आमच्याशी खेळायला पुणे परत कधी येणार?’

या प्रश्नात चेष्टा नव्हती, हे मी जाणतो. त्याला खरोखरच आमची उणीव वाटत होती. ज्यांनी आपल्याला पाच गोलांनी हरवले ते पुन्हा समोर यावेत, अशी इच्छा धरणारा चाहता हा माझ्या दृष्टीने खरा चाहता होय. संघ जिंकावा, असे प्रत्येकालाच वाटते. सामना व्हावा, असे त्याच्याही आधी वाटले पाहिजे. ही आधीची इच्छा आपण इतकी गृहीत धरून चालतो, की ती बोलून दाखवण्याची वेळ सामने बंद पडल्यावरच येते.

म्हणून हल्ली माझी महत्त्वाकांक्षा फार लहान झाली आहे. पुण्याने करंडक जिंकावा, असे माझे मागणे नाही. पुण्याचा एक संघ पुन्हा उभा राहावा, तो गुणतक्त्यात तळाशी असला तरी चालेल. त्याचे निम्मे खेळाडू जायबंदी असोत, त्याचा प्रशिक्षक आज जातो की उद्या अशी वेळ असो. गुवाहाटीतल्या किंवा मुंबईतल्या कुण्या घरी शुक्रवारी रात्री एखादी मुलगी आपल्या वडिलांना म्हणो, ‘बाबा, उद्या पुणे आहे, चार गोल तरी नक्की!’ आणि त्या वडिलांना रात्री नीट झोप न लागो.