हातावर उतरलेली मूठ

गळाची काठी स्वतः बांधणारा माणूस बहुतेक सगळा जीव काठीतच ओततो. ती कुठे वाकेल, कड्या किती अंतरावर बसवायच्या, रीळ किती वजनाचे पेलेल, याचा तो दिवसचे दिवस विचार करतो. मूठ मात्र शेवटी उरलेले काम समजले जाते. बुचाच्या चकत्या चिकटवायच्या, लेथवर चढवायच्या, ठरलेल्या नमुन्याप्रमाणे तासायच्या, पॉलिश पेपर फिरवायचा की झाले. मला वाटते, इथेच चूक होते. लेथवर मूठ अर्धीच घडवावी. उरलेली अर्धी ज्याच्या हातात ती राहणार त्याच्या हातावर घडावी, आणि तीही एका बैठकीत नाही. काठी वाकते ती माशाच्या ओढीने, पण ती ओढ माणसाला कळते ती मुठीतूनच.

या हट्टाला कारण आहे ते बुचाचे. आपल्याकडे रस्त्याकडेला पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे बुचाचे झाड ते हे नव्हे. ही पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये वाढणाऱ्या एका ओकची साल. झाड साधारण 25 वर्षांचे झाले की ती पहिल्यांदा सोलतात आणि मग दर 9 वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल ओबडधोबड निघते, मुठीजोगे बूच तिसऱ्या खेपेपासून मिळते, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर. रॉबर्ट हुक यांनी 1665 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बुचाच्या पातळ कापातले बंद कप्पे चित्रासह दाखवले. त्या कप्प्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून बूच हलके, हाताला ऊबदार आणि दाबले तरी बाजूला न फुगणारे. त्याच सालीत श्वासरंध्रांच्या बारीक नळ्याही असतात, आणि खरी अडचण त्यांची आहे. हलक्या प्रतीच्या चकत्यांत या नळ्यांची भोके बुचाची भुकटी आणि गोंद भरून बुजवलेली असतात. जितके खोल तासावे तितकी नवी भोके उघडी पडतात आणि भरलेली भुकटी निखळते. हिशेबही पाहण्यासारखा आहे. 25 मिलिमीटर जाडीच्या मुठीवरून चहूबाजूंनी एकच मिलिमीटर काढला, तर घेर 6 मिलिमीटरहून जास्त घटतो. जो हात काल भरलेला वाटत होता त्याची बोटे आज तळव्याला टेकतात, पकड सुटू नये म्हणून ती आवळली जातात आणि तासाभरात मनगट बोलू लागते. काढलेले बूच परत लावता येत नाही. म्हणून कानस फक्त ढोबळ आकारापुरती वापरावी. पुढचे काम पॉलिश पेपरच्या लांब पट्टीचे, जोड्यावर कापड ओढावे तशी ती दोन्ही हातांनी ओढायची. आधी 120 नंबर, मग 220. मुठीलगतच्या काठीवर चिकटपट्टी गुंडाळून घेणे विसरू नये, नाहीतर काठीवर ओरखडे उठतात आणि कमकुवतपणा तिथूनच सुरू होतो.

यावर कोणी म्हणेल, मुठीचे नमुने शंभर वर्षांच्या अनुभवातून ठरले आहेत, अंगठ्याशी उंचवटा, मध्ये खोलगट, मग पुन्हा फुगीर, ते काय उगाच? उगाच नाहीत. सुरुवात त्यांच्यावरूनच करावी. पण नमुना कुठल्यातरी सरासरी हाताचा असतो, आणि सरासरी हात कोणाच्याच मनगटाला नसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कारखान्यातली फोमची मूठ स्वस्त असते, पावसात भिजत नाही, तिचा टवका उडत नाही. हे खरे आहे. महिनोन्‌महिने ओल्या होडीत पडणाऱ्या काठीला मी फोमच सुचवीन. आणि स्वस्ताईचा मुद्दा आला तरी बूचच हवे, असा माझा आग्रह नाही. आग्रह आहे तो शेवटचा आकार हाताने देण्याचा. बांबूच्या काठीवर सुती दोरा घट्ट गुंडाळून, वर लाखेचा हात देऊनही हे साधते. मालेगावसारख्या सुताच्या गावात दोऱ्याची काय वाण!

मालेगावात तर या म्हणण्याचा पुरावा जागोजाग आहे. हातमागावर धोटा धावायचा तो दोरीच्या टोकाला बांधलेल्या लाकडी मुठीला झटका दिला की. विणकराचा सगळा दिवस त्या मुठीत जायचा आणि वापरून वापरून ती त्याच्या तळव्याची व्हायची. यंत्रमाग आले, झटका विजेने घेतला, तरी माग चालू करायचा दांडा माणसाच्याच हातात राहिला. मालेगावच्या आसपासच्या कसमादे पट्ट्यातल्या शेतांत कांद्याची पात कापणारी बाई विळ्याच्या मुठीला चिंधी गुंडाळते. बाजारातली मूठ तिच्या हाताला पुरी पडत नाही, म्हणून ती आपल्या परीने ती पुरी करते. गिरणा नदीच्या पाण्यावर गळ टाकणारा साधी काठी निवडतानासुद्धा बुंध्याकडचे पेर तळव्यात धरून पाहतो, जाडी जुळली तरच पुढे बघतो. या माणसांना मुठीचे शास्त्र कोणी शिकवलेले नाही. त्यांचा हात रोज तक्रार करतो आणि ते ती ऐकतात, एवढेच. हौशी काठीवाला महागडे सामान आणतो, नमुन्याचा आदर करतो आणि ही तक्रार यायच्या आतच मुठीवर लाखेचा थर चढवून मोकळा होतो.

म्हणून काठ्या बांधून विकणाऱ्यांना एक विनंती आहे. मूठ मापापेक्षा एखादा मिलिमीटर जाड ठेवा, तिच्यावर अखेरचा थर चढवू नका, आणि काठीसोबत 220 नंबरच्या पॉलिश पेपरची एक पट्टी द्या. घेणाऱ्याने ती काठी आधी पाण्यावर नेऊन दमेपर्यंत वापरावी आणि जिथे बोट दुखेल तिथेच, तेवढेच तासावे.