परसातला दिवा

मराठीचा प्राध्यापक असूनही आमच्या परसात शेवंती केव्हा फुलते हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते, हे आधीच कबूल करून टाकतो. फुले देवघरात येत, कढीलिंब आमटीत येई, अळू फदफद्यात येई. ती कोणत्या दाराने येतात याची चौकशी मी कधी केली नाही. पुढच्या दाराने कॉलेजला जायचे आणि पुढच्याच दाराने परतायचे. मागचे दार आईचे.

गेल्या वर्षी भाद्रपदात मला कावीळ झाली आणि पुढचे दार बंद झाले. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. न्हाणीघर जवळ म्हणून माझी कॉट मागच्या खोलीत गेली. एरंडवण्यातले हे बैठे घर वडिलांनी बांधलेले. मागे ओटा, ओट्याला लागून शेवंतीचा वाफा, पलीकडे पाण्याची टाकी, पारिजातक, शेवगा आणि भिंतीवर चढवलेला वालाचा वेल. एवढेच परस.

वर्गात मी वीस वर्षे शरद ऋतू शिकवला आहे. पण खरे सांगायचे तर माझा शरद इंग्रजी कवितेतून आलेला होता. पिवळी पाने, उदास वारा, सरत्या वर्षाचा निरोप! तो आपल्या पुण्याचा नव्हेच. आपल्याकडे आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, आणि पाने गळायची ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. ओट्यावरच्या खुर्चीतून मला दिसत होते ते अगदी उलटे. दसऱ्याच्या आगेमागे पाऊस गेला, दुपारचे ऊन चटके देऊ लागले, तशी आईने पावसाने दडपलेली माती खुरप्याने मोकळी केली. मेथी पेरली, ती चौथ्या दिवशी वर आली. धणे चपलेखाली रगडून पेरले (होय, चपलेखाली, आणि त्याच कोथिंबिरीच्या वड्या मी जन्मभर खाल्ल्या), ते मात्र दहा-बारा दिवस रुसून बसले. वालाच्या वेलाला जांभळे तुरे आले. "दसरा झाल्याशिवाय फूल धरत नाही हा," आई म्हणाली. उत्तरेकडून थंडीचा पाहुणा म्हणून येणारा धोबी पक्षी टाकीजवळच्या ओलाव्यावर शेपटी वरखाली करीत हिंडू लागला. पहाटे पारिजातकाचा सडा पडे. जिकडे पाहावे तिकडे सुरुवात होती. दिवाळीत स्वयंपाकघरात चकल्या तळल्या जात होत्या आणि मी ओट्यावर उसाच्या गंडेऱ्या चघळत बसलो होतो. त्याची तक्रार इथे करीत नाही. फराळाची बशी शेजारी ठेवून हा अंक वाचणाऱ्यांना ती कळायची नाही.

सगळीकडे सुरुवात होती, हे दिवसापुरते खरे. रात्रीचे निराळे. माझे वडील शेहेचाळिसाव्या वर्षी गेले. कार्तिकात, आणि काविळीनेच. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. घरात याचा उच्चार कोणी करीत नव्हते. रक्ताचे आकडे उतरताहेत, काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर सांगत होते आणि ते मला पटतही होते, दिवेलागणीपर्यंत. रात्री अंगाला खाज सुटे, झोप उडे, आणि अंधारात वडिलांची पिवळी नखे डोळ्यांपुढे येत. म्हणून मी ओट्यावरचा दिवा रात्रभर लावून ठेवू लागलो. न्हाणीघराकडे जाताना अंधार नको, असे कारण सांगितले. आईने ते मुकाट्याने मान्य केले.

कार्तिकी एकादशीच्या सुमारास टाकीमागच्या शेवंतीला कळ्या आल्या. ओट्यालगतचा वाफा मात्र नुसता पानांनी माजलेला. एकाच रोपाचे फुटवे, तेच खत, तेच पाणी! आईने चुलीतली राख मागून आणून घातली, माती हलवली, आणि शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझ्या काविळीची दृष्ट लागली रे याला."

चार दिवसांनी आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक समाचाराला आले. त्यांनी वाफा पाहिला, मग मान वर करून दिवा पाहिला.

"हा रात्रभर असतो?"

मी न्हाणीघराचे कारण सांगितले. ते हसले. शेवंती म्हणे रात्र मोजते. लांब आणि अखंड रात्र मिळाली तरच ती कळी धरते. मध्ये उजेड आला की तिचा हिशेब चुकतो. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीन यांच्यावर प्रयोग करून दिवसाच्या लांबीचे हे गणित मांडले. खरे महत्त्व रात्रीच्या लांबीला, हे पुढे उलगडले. फुले उशिरा यायला हवी असतील तर बागाईतदार शेवंतीवर मुद्दाम रात्री दिवे लावतात. "तुम्ही ते न शिकताच केलंत," ते म्हणाले.

त्या रात्री आई ओट्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिने बटणाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मालव," मी म्हणालो.

"तूच मालव."

मी मालवला. अंधारात परस केवढे मोठे वाटते! वाऱ्याने शेवग्याच्या फांद्या भिंतीला घासत होत्या. गारव्याबरोबर पारिजातकाचा वास आत येत होता. किती वेळ गेला कोण जाणे, पलीकडच्या खोलीतून आईने विचारले, "झोपलास?"

"नाही."

"तेही याच खोलीत दिवा लावून ठेवायला सांगायचे," ती म्हणाली. "शेवटचे दहा दिवस." एकतीस वर्षांत तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकत होतो. ती बराच वेळ बोलत होती. मला झोप केव्हा लागली ते कळले नाही.

मार्गशीर्षात वाफ्यावर हिरवे मणी दिसू लागले. मी कॉलेजला जाऊ लागलो होतो. निघायचो मात्र मागच्या दाराने, उगाच वळसा घालून. संक्रांतीच्या दिवशी सगळा वाफा पिवळा झाला. पिवळा रंग मला त्या वर्षी नकोसा झाला होता, पण हा चालला. आईने परडी भरून फुले खुडली, ओट्यावर बसून देठ नीट केले आणि वर दिव्याकडे पाहत म्हणाली,

"आता हवा तर लाव बाबा. शेवंतीचं काम झालं."