थांबता येणारी स्क्रिप्ट

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात एका आडत दुकानाचा सर्व्हर आहे. काटापट्ट्या, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या, कांडीचे आणि गट्टूचे भाव, सगळं त्यावर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात गोदामातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठतं. हळदीची आवक वाढली की कॅमेऱ्यांची जागा पुरत नाही आणि हिशोबाच्या भागात मोकळी जागा दिसत राहते. ती जागा इकडची तिकडे करा, एवढंच मालकांचं म्हणणं होतं. मी ज्या कंपनीत आहे तिच्याकडे त्यासाठी तयार स्क्रिप्टही होती. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका गावी ती 'काम यशस्वी' असं लिहून संपली आणि तिथला हिशोबाचा भाग परत उघडेचना. यादीत पुढचं नाव आमच्या हिंगोलीचं होतं. मी ते काम थांबवायला लावलं आणि कोड मागून घेतला.

जागा वाढवताना आधी लॉजिकल व्हॉल्यूम मोठा करायचा, मग त्यावरची फाइल सिस्टिम. कमी करताना क्रम उलटा: आधी फाइल सिस्टिम आकसायची, मगच व्हॉल्यूम कापायचा. गोदामाची भिंत आत घ्यायची तर आधी पोती हलवावी लागतात, तसंच हे. त्या गावी पोती जागची हलली नव्हती आणि भिंत मात्र आत आली होती.

स्क्रिप्टमध्ये तपासणी नव्हती असं नाही. फाइल सिस्टिमचा आकार बदलणारा रिसाइझटूएफएस हा प्रोग्राम संपल्यावर त्याचा निकाल शून्य आला का, हे बघणारी ओळ होती. मात्र त्याचा मजकूर पडद्यावर दिसावा आणि लॉगमध्येही जावा म्हणून तो पाइपमधून 'टी' या आज्ञेकडे पाठवला होता. बॅश शेल अशा साखळीत शेवटच्या आज्ञेचा निकाल कळवतो. 'टी'नं लॉग व्यवस्थित लिहिला, म्हणून निकाल शून्य. रिसाइझटूएफएसनं जागा कमी करायला साफ नकार दिला होता, तो नकार लॉगमध्ये अक्षरन्‌अक्षर होता, आणि त्याच्या खालीच व्हॉल्यूम कापणारा एलव्हीरिड्यूस चालल्याची नोंद. एलव्हीरिड्यूस कापण्याआधी विचारतो की माहिती नष्ट होऊ शकते, पुढे जाऊ का. त्याला 'हो' हे उत्तर आधीच देऊन ठेवलेलं होतं. तो लॉग वाचताना मला संताप आला. यंत्रानं वेळेवर सांगितलं होतं, ते ऐकून घ्यायची सोयच कोणी ठेवली नव्हती.

'पाइपफेल' हा पर्याय चालू केला की साखळीतल्या कुठल्याही आज्ञेचं अपयश वर पोचतं. ते एका ओळीचं काम. खरा वेळ गेला तो ईटूएफएससीकेपाशी. ईएक्सटीफोर ही फाइल सिस्टिम आकसण्याआधी ती अनमाउंट करून या आज्ञेनं तपासावी लागते, आणि तिचे निकाल शून्य किंवा बिघाड इतके सरळ नसतात. १ म्हणजे चुका सापडल्या आणि दुरुस्त झाल्या, २ म्हणजे दुरुस्त झाल्या पण मशीन पुन्हा सुरू करा, ४ म्हणजे चुका तशाच राहिल्या, ८ म्हणजे तपासणीच नीट झाली नाही. शिवाय या आकड्यांची बेरीजही येते. आधीच्या कोणीतरी १ आल्यावर स्क्रिप्ट विनाकारण अडते म्हणून निकाल सरसकट दुर्लक्षित करून टाकला असावा. मी प्रत्येक आकडा वेगळा हाताळला: ० किंवा १ असेल तरच पुढे, बाकी सगळीकडे थांबायचं.

बिघाडाच्या वाटेवरचा कोड रोज चालत नाही, म्हणून तो कच्चा राहतो. लिनक्स कर्नलमध्येसुद्धा वासिली अवेरिन यांनी २०१८ मध्ये ईएक्सटीफोरच्या आकार बदलणाऱ्या कोडमधल्या अशाच वाटा दुरुस्त केल्या. काम अर्ध्यात फसलं तर घेतलेले बफर परत सोडायचे राहून जात होते.

आमच्याकडे विजेचाही विचार करावा लागतो. आकसणं चालू असताना लाइट गेली आणि यूपीएसनंही मान टाकली तर फाइल सिस्टिम मोडू शकते. म्हणून प्रत्येक पायरीआधी आणि नंतर तिची नोंद वेगळ्या डिस्कवर लिहायची आणि मशीन पुन्हा सुरू झालं की आधी ती वाचायची, असं केलं. रिसाइझटूएफएसमध्ये बदलल्या जाणाऱ्या ब्लॉकांची मूळ प्रत अनडू फाइलमध्ये ठेवायची सोय आहे, तीही वापरली. मग घरी लूप डिव्हाइसवर खोट्या डिस्का तयार करून प्रत्येक पायरीवर मुद्दाम बिघाड घडवला. दर वेळी आतल्या फायलींचे चेकसम जुळतात का ते पाहिलं.

यार्डात रात्री काटे बंद झाल्यावर बसलो. मुनीमकाका शेजारी खुर्ची ओढून बसले. बॅकअप घेतला, तपासणी झाली, आकसणं सुरू केलं आणि स्क्रिप्ट थांबली. मराठीतच संदेश आला: 'एवढी जागा कमी करता येत नाही, आतली माहिती जास्त आहे. काहीही बदललेलं नाही.' किती जागा काढायची ते ठरवलं तेव्हापासून हंगामातल्या पट्ट्यांचे फोटो बरेच वाढले होते.

"म्हणजे बिघडलं का, भाऊ?" काकांनी विचारलं.

"नाही काका. त्यानं सांगितलं, जमत नाही म्हणून."

"आणि पट्ट्या?"

मी तो भाग माउंट करून त्यांना त्या दिवसाची शेवटची हिशोबपट्टी उघडून दाखवली. त्यांनी चष्मा लावून रक्कम वहीशी ताडून पाहिली, मग अजून दोन जुन्या काढायला लावल्या.

मालकांनी दुसरी डिस्क मागवली. ती जोडून कॅमेऱ्यांचा भाग वाढवला. ईएक्सटीफोर वाढवायला अनमाउंट करावी लागत नाही, त्यामुळे ते काम भरदुपारी, लिलाव चालू असतानाच झालं.